शोधकर्त्याच्या रकान्यातलं पहिलं नाव

ब्रेस्तोवा, २७ नोव्हेंबर

प्रिय नेवेना,

फोनवर मी तुला बोलूच देत नाही ही तुझी जुनी तक्रार. म्हणून आज पत्र लिहितोय. इथेही बोलणार मीच आहे, पण कागदावर निदान खोडता येतं. या पानाआधी तीन पानं खोडून शेगडीत घातली आहेत, त्यावरून तुझ्या बापाची काय गत झालीय ते ओळख.

तुझं जाडजूड पाकीट गुरुवारी आलं. पोस्टमनला मी तसाच जाऊ दिला नाही. आत बसवला, पेल्यात घरची राकिया ओतली आणि तुझ्या पेटंटच्या अर्जातला तो कागद त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. "शोधकर्ते: एक, रातोमिर स्तोयिल्कोविच. दोन, नेवेना स्तोयिल्कोविच." त्याला चष्मा नव्हता, अडखळत वाचत होता, म्हणून मी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी बसने तालुक्याला गेलो आणि अक्रोडाच्या लाकडाची, काचेची एक चौकट विकत आणली. दुकानदाराने विचारलं, फोटो कुणाचा लावायचाय. मी म्हणालो, फोटो नाही, पेटंट. त्याला काही कळलं नाही, पण त्याने चौकट दोन कागदांत गुंडाळून दिली. ती मी शेडमध्ये कामाच्या टेबलावरच्या पकडीच्या वर टांगली, रिकामीच. येणारा-जाणारा विचारतो आणि मग मला सांगावंच लागतं.

तू विद्यापीठातली नोकरी सोडलीस तेव्हा गावातले लोक माझं सांत्वन करायला आले होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. कृषीशास्त्र शिकलेली मुलगी, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि ती सगळं सोडून मिरच्या सोलायचं यंत्र करायला स्वतःची कंपनी काढते, म्हणजे रातोमिरच्या घरावर काहीतरी संकटच आलं असणार. मी त्यांना सांगितलं, माझी पोर तुमच्यासारखी दुसऱ्याच्या पिंपात मिरच्या भाजत नाही. नोवी सादला तुझ्या त्या भाड्याच्या खोलीत मी आलो होतो, आठवतं? दारावर कंपनीचं नाव, टेबलाशी एकच खुर्ची मावेल एवढी जागा. परतीच्या गाडीत मी शेजारच्या माणसाला तीन खोल्या सांगितल्या.

आणि हा पेटंटचा हट्ट तुझ्यात कुठून आला तेही मला माहीत आहे. तू आठ वर्षांची होतीस. मिरच्या भाजायच्या पिंपाला बाजूने झरोके पाडायची युक्ती माझी. जाळ कमी लागतो, मिरची सगळीकडून सारखी भाजते. मी ते पिंप जत्रेत मांडलं, येईल त्याला उघडून दाखवलं, मापंसुद्धा सांगितली. पुढच्या हंगामात कारखानेवाल्या वुकोमानने तसलीच तीनशे पिंपं बाजारात आणली, वर त्याचा लाल शिक्का. आयत्या बिळावर नागोबा. तू माझं बोट धरून त्या पिंपासमोर उभी राहिलीस आणि विचारलंस, "बाबा, यावर आपलं नाव का नाही?" मी म्हणालो, चांगलं काम सगळ्यांचं असतं. खोटं बोललो. घरी येऊन बादलीला लाथ मारली, त्यात अंगठा सुजला, आणि तुझ्या आईने आठवडाभर त्याला कोबीची पानं बांधली.

म्हणून सप्टेंबरात तू आलीस आणि आम्हा दोघांना स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलंस, तेव्हा मी तुझं सगळं नीट ऐकलं होतं. अर्ज दाखल होईपर्यंत यंत्र कोणाला दाखवायचं नाही, कसं चालतं ते सांगायचं नाही. एकदा का गोष्ट चारचौघांत गेली की पेटंट मिळत नाही, मग ती आपण स्वतःच का सांगितलेली असेना. तू म्हणालीस, या वेळी वुकोमानने चोरायची गरजच पडणार नाही, तुम्ही तोंड उघडलंत की पुरे. मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. तुझी आई कांदा चिरत होती, तिने नुसती मान हलवली.

आता संत लुकाच्या दिवसाचं सांगतो. तू त्या दिवशी परीक्षणाच्या कामात अडकली होतीस, आली नाहीस, आणि मी तुला फोनवर 'सगळं छान झालं' एवढंच म्हणालो. सगळं छान झालंही. पाव उत्तम फुलला होता, कोबीच्या पानांतला सार्मा दोन पातेली संपला, मेणबत्ती संध्याकाळपर्यंत पुरली. स्लावाला, घराण्याच्या संताच्या दिवशी, आपण कोणाला बोलवत नाही आणि आलेल्याला परत पाठवत नाही. यजमान दिवसभर उभा राहतो आणि पाहुणा मागेल ते देतो. माझ्या आजोबांनी एका स्लावाला पाहुण्याने डोक्यावरची टोपी मागितली तर तीही दिली होती. दुपारी वुकोमान आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. दारात तुझ्या आईने त्याच्यापुढे गोड गव्हाचं ताट धरलं, त्याने चमचाभर खाल्लं, क्रूस केला, बसला, दोन पेले घेतले आणि म्हणाला, मिस्त्री, शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी ठेवलंयस म्हणे, दाखव की.

नेवेना, तुझ्या बापाने त्या दिवशी पाहुण्याला नाही म्हटलं. आपल्या घराण्यात हे पहिल्यांदा घडलं. शेडची किल्ली मी सगळ्यांदेखत तुझ्या आईच्या हातात दिली, तिने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि वरून रुमाल कोंबला. बावीस माणसांच्या माना वळल्या. पर्सिदा आत्याने तर डोळेच मिटून घेतले. ही गोष्ट तुला मी अभिमानाने सांगणार होतो, आणि इथेच थांबणार होतो. शेगडीत गेलेल्या तिन्ही पानांवर मी इथेच थांबलो होतो.

पण वुकोमान थांबला नाही. पेला हलवत म्हणाला, "काय रे राता, ताडपत्रीखाली काही आहे का, की ताडपत्रीच नवीन घेतलीयस?" सगळे हसले. माझेच पाहुणे, माझीच राकिया, आणि मी उभा. दाखवायचं नाही अशी शपथ होती ना, मग मी दाखवलं नाही. मी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पिंप कसं आडवं फिरतं, आत दाणे काढलेली मक्याची कणसं बोटबोट लांबीचे तुकडे करून कशी टाकायची, ती मिरच्यांवर घासत कशी सालं ओढून घेतात, पाण्याचा थेंब लागत नाही म्हणून चव कशी धुऊन जात नाही. मिरच्या कशा टाकायच्या तेही सांगितलं. जाळावरून उतरवल्या की तशाच, वाफाळत्या, लालबुंद, थेट पिंपात. हातांनी टाकून दाखवल्या. वुकोमान हसायचा थांबला होता आणि तेच मला हवं होतं. तुझी आई दारात ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि नव्या आलेल्या पाहुण्यापुढे ताट धरलं. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक वाटतंय.

पाहुणे गेल्यावर मी टेबल आवरायला लागलो. काय करून बसलो ते पाव कापायच्या सुरीकडे बघताना कळलं. तुझी तीन वर्षं, तुझी नोकरी, त्या एका खुर्चीच्या खोलीचं भाडं, सगळं मी दोन पेल्यांत वुकोमानच्या ताटात वाढलं होतं. त्यानंतर तू जितक्यांदा फोन केलास तितक्यांदा मी हवामानावर बोललो. तुला वाटलं असेल बाबा म्हातारे झाले. मी तुझ्याशी बोलायला घाबरत होतो, आणि मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दोन आठवड्यांनी पर्सिदा आत्या आली. ती वुकोमानच्या कारखान्यात मिरच्या सोलायला जाते, तुला माहीत आहे. दारातूनच हसत आली, खुर्चीवर बसली तरी हसतच होती. वुकोमानने घाईघाईने मोठं पिंप बनवून घेतलं, शीतगृहातल्या शेवटच्या मिरच्या काढल्या, भाजल्या, आणि मी सांगितल्याप्रमाणे वाफाळत्याच कणसांवर ओतल्या. दहा मिनिटं फिरवलं. झाकण उघडलं तर आत चिखल. सालं, बिया, गर आणि कणसं, सगळं एक झालेलं. तीन खेपा केल्या, तिन्ही डुकरांना घातल्या, आणि डुकरांनीही कणसं थुंकून टाकली. वुकोमान म्हणतो, रातोमिरने आपल्याला मुद्दाम गंडवलं, लबाड म्हातारा.

आत्या गेली आणि मी दहा मिनिटं त्या 'लबाड' शब्दावर खूश होतो. मग विचार करायला लागलो. मी गंडवलं नव्हतं. मला जे माहीत होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं होतं. मग आमच्या पिंपातून मिरच्या अख्ख्या कशा निघतात आणि त्याच्या पिंपातून चिखल का?

स्वयंपाकघरात गेलो. तुझी आई माझ्या पायमोज्याला टाच विणत होती. मी तिला वुकोमानची फजिती सांगितली. ती हसली नाही. टाके मोजत होती, ते संपल्यावर म्हणाली, "गरम टाकल्या तर चिखलच होणार. मी तुला गार करून देते, एकोणीस वर्षं."

आणि मग सगळं सांगितलं, म्हणजे तिच्या पद्धतीने, सहा वाक्यांत. भाजलेल्या मिरच्या ती आधी झाकणाच्या पातेल्यात कोंडते, वरून घोंगडी. साल सुटलं की झाकण काढून परातीत पसरते. मधूनमधून एक मिरची उचलून गालाला लावते. गालाला ना गरम ना गार लागली की मगच पातेलं शेडमध्ये पाठवते. गर तोवर घट्ट होतो, म्हणून फाटत नाही. नेवेना, मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मिरच्या स्वयंपाकघरातून येतात.

मी विचारलं, मग त्या दिवशी दारात उभी होतीस, मी बावीस माणसांसमोर चुकीचं सांगत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "नेवेनाने सांगितलं होतं ना, कोणाला काही सांगायचं नाही. तू चुकीचं सांगत होतास, मी कशाला दुरुस्त करू?"

मी तिथेच स्टुलावर बसलो. शपथ मी घेतली होती, छातीवर हात ठेवून. पाळली तिने, कांदा चिरता चिरता. मला हसू आलं, हसता हसता ठसका लागला, आणि तिने मला पाणी दिलं.

आता तुझी ती वही काढ. सप्टेंबरात तू शेडमध्ये प्रत्येक पातेल्यात थर्मामीटर बुडवत होतीस आणि आकडे लिहीत होतीस. सगळे आकडे जवळजवळ सारखे निघाले तेव्हा तू मला विचारलंस, "बाबा, मिरच्या इतक्याच कोमट असायला हव्यात, हे तुम्हाला कसं कळलं?" मी पाना पुसत म्हणालो, अनुभव. तू वहीत लिहिलंस, 'बाबांचा नियम', खाली दोन रेघा. मी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढचा नट आवळला. एका दिवशीचा आकडा तू लाल पेनाने लिहिला आहेस बघ, खूप जास्त, आणि शेजारी 'गर फाटला'. त्या दिवशी आई देवळात गेली होती आणि पातेलं चुलीवरून मी स्वतः उचलून आणलं होतं. तुला मी सांगितलं, मिरच्याच खराब होत्या.

आणि कणसांची गोष्ट. ती तर मी तुला लहानपणापासून ऐकवत आलो. तारांचा ब्रश लावला, मिरची फाटली. रबर लावलं, साल हललं नाही. मग एके सकाळी सरपणाची टोपली कलंडून कणसं पिंपात पडली, दुसरा कोणी असता तर शिव्या देत काढली असती, पण तुझ्या बापाची नजर! तू हँडल फिरवायचीस आणि ही गोष्ट पुन्हा सांगा म्हणायचीस. परवा मी तुझ्या आईला विचारलं, ती टोपली नक्की कशी कलंडली होती. ती म्हणाली, कलंडली नव्हती, मी ओतली होती. तिच्या माहेरी सुगडं आतून कणसाने घासतात, तिला वाटलं, बघू या. मी तिला म्हणालो, एकोणीस वर्षांत हे तू एकदाही बोलली नाहीस? तर म्हणे, "तू इतका खूश होतास, राता. आणि पिंप चालायला लागलं होतं."

मी चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय, माझं काम मला ठाऊक आहे. पिंप माझं आहे. त्याचा कणा, त्याचा उतार, साल बाहेर टाकणारी जाळी, यातलं कोणी काही मागायला आलं तर मी हातोडी घेऊन उभा राहीन. पण गेल्या आठवड्यात तू फोनवर सांगत होतीस, आणि मी मध्ये मध्ये बर्फाबद्दल बोलत होतो, की कणसांचं एकट्याचं फार काही नाही, अर्जाचा गाभा म्हणजे आधी कोंडायचं, मग ठरल्या अंशापर्यंत गार करायचं, मगच फिरवायचं, आणि ते अंश यंत्राने स्वतः ओळखायचे. तेव्हा मी नुसतं हं हं केलं. यंत्र ते तुझ्या त्या बोटभर तारेने ओळखतं, हे तुझं काम, आणि ते मी गावभर सांगेन, अर्ज दाखल झाल्यावर. पण ती तार जे करते, ते तुझ्या आईचा गाल आधीपासून करत होता.

तुझ्या पेटंटवाल्या बाईंना हे सगळं वाचून दाखव. संत लुकाच्या दिवशी बावीस माणसांसमोर मी काय बोललो ते वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली आहे. पिंप सांगितलं, कणसं सांगितली, गरम टाका असं सांगितलं. कोंडणं आणि गार करणं सांगितलं नाही, कारण ते मला माहीतच नव्हतं. त्यातून काय वाचतं, काय जातं, ते त्या ठरवतील. काही गेलं असेल तर ते माझ्यामुळे गेलं, आणि तू मला हवं ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. जे वाचलं असेल ते तिच्यामुळे वाचलं.

हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगतो. तुझा कागद सोबत परत पाठवतोय, सही न करता. पहिल्या नावावर मी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आहे आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं आहे, स्तामेन्का स्तोयिल्कोविच. मला जाळीसाठी, उतारासाठी तिसऱ्या जागी ठेवता आलं तर ठेव, नाही तर नको. तिला मी विचारलं तर म्हणाली, माझं नाव कशाला, मी फक्त मिरच्या गार केल्या. म्हणून नवा कागद टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये. रविवारी ये. तिच्यासमोर बस, वही उघड, आणि जे तू मला विचारलं होतंस ते तिला विचार. मी शेडमध्ये जाऊन बसेन, कारण मी तिथे असलो की उत्तर मीच देईन. ती चौकट मी शेडमधून काढून स्वयंपाकघरात लावली आहे, ती मिरच्या पसरते त्या खिडकीशेजारी. तिने काच पुसली. तिला वाटतंय, त्यात तुझा फोटो येणार आहे.

तुझाच,
पिंप फिरवणारा बाबा